पहिल्या दहा मिनिटांचे अर्थकारण

१३ ते १७ ऑक्टोबर २०२५ या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभर सीपीआर जागृती सप्ताह पाळला. शपथा झाल्या, प्रात्यक्षिके झाली, रबरी पुतळ्यांच्या छातीवर दाब देणाऱ्या मान्यवरांची छायाचित्रे निघाली. त्यापूर्वी ६ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकविज्ञान परीक्षा मंडळानेही असाच देशव्यापी कार्यक्रम घेतला होता. सप्ताह पाळणे हा सार्वजनिक जीवनातला एक नित्यविधी होऊन बसला आहे. वृक्षारोपणाचा सप्ताह संपला की रस्तासुरक्षेचा येतो आणि तो सरला की हृदयाचा. तथापि या विशिष्ट सप्ताहाकडे केवळ उपहासाने पाहून चालणार नाही. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. बंद पडलेले हृदय पुन्हा चालू व्हावे, खालावलेले रक्ताभिसरण सावरावे, यासाठी समाजाने आपला पैसा आणि श्रम नेमके कोठे खर्च करावेत, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर आणि उपलब्ध पुरावा यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. प्रचलित उत्तर रुग्णालयाच्या शेवटच्या दालनाकडे बोट दाखविते. अतिदक्षता विभाग, कॅथलॅब, स्टेंट, यंत्रे आणि त्यांची बिले हे त्याचे विषय. पुरावा मात्र कचेरीच्या जिन्यावर, एस.टी. स्थानकाच्या फलाटावर, शाळेच्या पटांगणावर सरून जाणाऱ्या पहिल्या काही मिनिटांकडे लक्ष वेधतो. जे स्वस्त आहे आणि वेळेवर आहे ते उपेक्षित, आणि जे महाग आहे व बहुधा उशिरा पोचते ते प्रतिष्ठित, अशी ही विपरीत स्थिती आहे. ती का निर्माण झाली आणि ती कशी पालटता येईल, याचा विचार सप्ताह संपल्यावरच अधिक शांतपणे होऊ शकेल.

मिनिटाचे मोल

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन गोष्टी बोलण्यात एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरविणारी एखादी वाहिनी तुंबते. रुग्णाच्या छातीत कळ येते, दरदरून घाम फुटतो, पण बहुधा तो शुद्धीवर असतो आणि उपचारासाठी त्याच्या हाती काही अवधी असतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मात्र पंपच थांबतो. पुष्कळदा हृदय एकदम स्तब्ध होत नाही. त्याचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. थरथरणारे हृदय विजेचा धक्का देऊन पुन्हा तालावर आणता येते. परंतु तोवर छातीवर दाब देणारे कोणी नसेल तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. दहा मिनिटांनंतर या हिशेबात फारसे काही शिल्लक उरत नाही.

वैद्यकात ज्याला शॉक म्हणतात त्याचा विजेच्या किंवा दुःखाच्या धक्क्याशी संबंध नाही. रक्ताभिसरण इतके खालावते की शरीरातील पेशींना प्राणवायू पुरत नाही, अशी ती अवस्था आहे. तिची कारणे ढोबळमानाने चार प्रकारची: शरीरातील रक्त किंवा पाणी वाहून जाणे, हृदयाचा पंप दुबळा होणे, जंतुसंसर्गाने वा तीव्र ॲलर्जीने रक्तवाहिन्या सैलावणे, आणि फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेल्या गुठळीसारख्या अडथळ्याने रक्ताची वाटच अडणे. हृदयक्रिया बंद पडल्यावर घड्याळ मिनिटांवर चालते, शॉकमध्ये ते बहुधा तासांवर चालते. परंतु घड्याळ दोन्हीकडे आहे, आणि उपेक्षित शॉकचा शेवट हृदय बंद पडण्यातच होतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथील खरी दुर्मिळ वस्तू पैसा नव्हे, औषध नव्हे, तर वेळ आहे. ती साठवून ठेवता येत नाही आणि आयातही करता येत नाही.

दोन हातांचा शोध

१९६० पूर्वी बंद पडलेले हृदय चालू करणे ही शल्यविशारदांची मिरास होती. १९४७ साली क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका १४ वर्षांच्या मुलाचे हृदय विजेच्या धक्क्याने पूर्ववत केले, तेव्हा त्याची छाती उघडीच होती. ज्याच्याजवळ शस्त्रक्रियागृह नाही त्याला या यशाचा काहीच उपयोग नव्हता. पुढे १९५० च्या दशकात जेम्स एलाम आणि पीटर सफार यांनी तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीची उपयुक्तता सिद्ध केली. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील विल्यम कौवेनहोव्हेन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांनी बंद छातीवर तालबद्ध दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे दाखवून दिले. यांतील कौवेनहोव्हेन डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते. या शोधाने एक भांडवलप्रधान तंत्र जवळजवळ एका फटक्यात श्रमप्रधान केले. साधन म्हणजे दोन हात. भांडवल म्हणजे थोडेसे प्रशिक्षण.

त्यानंतरच्या दशकात ही विद्या रुग्णालयाच्या भिंती ओलांडून बाहेर पडली. १९६६ साली बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी विजेचा धक्का देणारे यंत्र, म्हणजे डीफिब्रिलेटर, मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालवून रुग्णवाहिकेत चढविले. पिट्सबर्गमध्ये १९६७ साली फ्रीडम हाउस ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोवर त्या शहरात रुग्ण वाहून नेण्याचे काम पोलिसांच्या किंवा अंत्यविधीवाल्यांच्या गाड्या करीत. सफार यांनी या सेवेसाठी शहरातील कृष्णवर्णीय वस्तीतले असे तरुण निवडले की ज्यांना समाजाने कामास अपात्र ठरविले होते, आणि त्यांना तातडीच्या उपचाराचे कसून शिक्षण दिले. अमेरिकेतील आधुनिक रुग्णवाहिका सेवेचा पाया ज्यांनी घातला, त्यांत हे तरुण अग्रभागी होते. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा काढून फ्रीडम हाउस बंद केली, हा त्या कथेचा कटू शेवट. पण बेकारी आणि आरोग्य हे दोन प्रश्न एकाच खर्चात काही अंशी सुटू शकतात, हा तिचा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही.

सिएटलमध्ये १९७० साली अग्निशमन दलाच्या जवानांना हे काम सोपविण्यात आले. दोनच वर्षांनी सामान्य नागरिकांना शिकविण्याची मोहीम तेथे सुरू झाली. इतरांच्या डोळ्यांदेखत कोसळलेले आणि हृदय थरथरत असलेले जे रुग्ण, त्यांतील निम्म्याच्या आसपास त्या परिसरात आज घरी परततात. याहून बोलका दाखला लास व्हेगासकडच्या जुगारगृहांचा आहे. तेथील पहारेकऱ्यांना डीफिब्रिलेटर वापरण्यास शिकविण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, अशा प्रकारे कोसळलेल्या ज्यांना तीन मिनिटांच्या आत विजेचा धक्का मिळाला त्यांतील ७४ टक्के वाचले. ज्यांना तीन मिनिटांनंतर मिळाला त्यांतील ४९ टक्के. पैशांवर नजर ठेवण्यासाठी बसविलेले कॅमेरे आणि जागोजागचे पहारेकरी यांनी जुगाऱ्याच्या जिवाचीही राखण केली. यात वैद्यकीय प्रतिभेचा भाग थोडा. व्यवस्थेचा भाग मोठा.

महाग तेच गुणकारी?

ज्या समाजापाशी साधने बेताची आहेत त्याने प्रत्येक वाढीव रुपयाचे फळ काय, हे विचारलेच पाहिजे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने हा प्रश्न प्रांजळपणे विचारला. तेथील १७ शहरांत तातडीने विजेचा धक्का देण्याची व्यवस्था आधीच उत्तम बसली होती. तिच्यात श्वासनलिकेत नळी घालणे, शिरेवाटे औषधे देणे इत्यादी प्रगत उपचारांची भर घालण्यात आली. २००४ साली निष्कर्ष आला: जगून घरी जाणाऱ्यांचे प्रमाण ५.० टक्क्यांवरून ५.१ टक्के झाले. म्हणजे झालेच नाही. उलट प्रत्यक्षदर्शींनी छातीवर दिलेला दाब आणि लवकर मिळालेला विजेचा धक्का हे घटक जगण्याशी निश्चितपणे निगडित आढळले.

२०१८ साली ब्रिटनमधील ८,०१४ रुग्णांच्या चाचणीत ॲड्रिनॅलिनची परीक्षा झाली. हे औषध कैक दशके डोळे मिटून वापरले जात होते. त्याने महिनाभर जगणाऱ्यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेले खरे. पण वाचलेल्यांत मेंदूची गंभीर हानी झालेल्यांचे प्रमाणही १७.८ टक्क्यांच्या जागी ३१ टक्के भरले. हृदय चालू होणे आणि माणूस परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेंदूला वाचविणारी मिनिटे कोणत्याही इंजेक्शनाने मागाहून भरून काढता येत नाहीत, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

शॉकच्या क्षेत्रातही असेच चित्र दिसते. हृदय दुबळे होऊन आलेल्या शॉकमध्ये महारोहिणीत फुगा बसविण्याचा उपचार जगभर रूढ होता. २०१२ साली जर्मनीतील ६०० रुग्णांच्या चाचणीत फुगा बसविलेल्यांतील मृत्यू ३९.७ टक्के आणि न बसविलेल्यांतील ४१.३ टक्के भरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थशून्य होता. रक्त शरीराबाहेर काढून प्राणवायू मिसळून परत आत सोडणारे यंत्र २०२३ च्या चाचणीत असेच निष्प्रभ ठरले. याचा अर्थ सर्व यंत्रे निरुपयोगी आहेत असा नव्हे. निवडक रुग्णांत हृदयाच्या कप्प्यात बसविण्याच्या सूक्ष्म पंपाने १८० दिवसांतील मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आणले, असे २०२४ साली दिसून आले आहे. पण असा लाभ मिळतो तो निवडक रुग्णांना, अतिकुशल केंद्रांत आणि मोठ्या किमतीत. सार्वजनिक धोरण त्याच्या आधारावर उभारता येणार नाही.

याउलट स्वस्त उपायांची नोंद पाहावी. ट्रानेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव आवरणारे जुने औषध. त्याच्यावर कोणाचे पेटंट नाही. ४० देशांतील २०,२११ अपघातग्रस्तांवरील चाचणीत त्याने मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आणले, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. अट एकच: औषध तीन तासांच्या आत दिले पाहिजे. उशिरा दिले तर ते तारीत नाही, उलट अपाय होण्याचा संभव असतो.

स्वस्त म्हणजे आंधळे मात्र नव्हे. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील तापाने फणफणलेल्या, रक्ताभिसरण खालावलेल्या मुलांना श्रीमंत देशांतील रिवाजाप्रमाणे भराभर सलाइन दिले गेले, तेव्हा ४८ तासांतील मृत्यू ७.३ वरून साडेदहा टक्क्यांवर चढले. जेथे अतिदक्षता विभाग नाही तेथे त्या विभागाची कृती उचलून नेणे घातक ठरू शकते. तंत्राची आयात ही यंत्राच्या आयातीइतकीच तपासून घ्यावी लागते.

महाड आणि बनगाव

या बाबतीत महाराष्ट्राला परदेशाकडेच पाहण्याचे कारण नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत. विषामुळे शरीरातील चेतासंस्थेत वादळ उठते, रक्तदाब भडकतो, मग हृदय थकते, फुप्फुसांत पाणी होते आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्ण उशाशी बसून पाहिले, लक्षणांची नोंद ठेवली आणि रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी या वादळाला आवरते हे दाखवून दिले. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९८६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. हे प्रमाण पुढे दोन-तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. यासाठी कॅथलॅब लागली नाही. गावाजवळचा डॉक्टर, त्याच्या कपाटातली गोळी आणि रुग्ण वेळेवर आणण्याची लोकांची समज एवढे पुरले.

दुसरा दाखला बंगालचा. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांतून वाटले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपविले. छावणीतील मृत्यू ३० टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आले. शॉकमध्ये पुरते गेलेल्याला शिरेतूनच पाणी द्यावे लागते, हे खरेच. पण तेथवर कोणी पोचूच नये याची तजवीज आईच्या हातातल्या पेल्याने केली. सिएटल, महाड आणि बनगाव ही तीन स्थळे एकमेकांपासून कितीही दूर असली तरी त्यांचे तात्पर्य एकच आहे: उपचार रुग्णाच्या जितका जवळ आणि जितक्या साध्या हातांत जाईल, तितका तो फलदायी होतो.

बाजार येथे का थांबतो?

मग पैसा तिकडे का वळत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही देता येईल. एखाद्याने सीपीआर शिकून घेतला तर त्याचा लाभ त्याला स्वतःला होत नाही. स्वतःच्या छातीवर कोणी दाब देऊ शकत नाही. लाभ होतो तो शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, अनोळखी वाटसरूला. जेथे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, तेथे बाजारपेठ आवश्यकतेपेक्षा कमी पुरवठा करते. पहिली दहा मिनिटे कोणाच्या मालकीची नाहीत, म्हणून त्यांचे बिलही कोणी करू शकत नाही. स्टेंटचे बिल होते, खाटेचे होते, यंत्राचे होते.

सरकारी धोरणही याच बिलांच्या मागून चालते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, ती आवश्यकच होती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्च भागतो आणि कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, हेही स्वागतार्ह. पण विमा प्रक्रियेगणिक पैसे देतो. जिन्यावर कोसळलेल्या कारकुनाच्या छातीवर सहकाऱ्याने दिलेल्या दाबासाठी कोणत्याही पॅकेजात रकाना नाही. जो रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोचतो, त्याच्यासाठीच विमा आहे.

शिवाय मदत करणाऱ्याला आजवर दंडच पडत आला. पोलिसांचे जाबजबाब, न्यायालयाचे हेलपाटे, रुग्णालयाने मागितलेली अनामत ही मदतीवर बसलेली एक अदृश्य जकात होती. अपघातग्रस्त स्कूटरस्वाराला जवळच्या डॉक्टरांनी पोलिस प्रकरण म्हणून दूरच्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेतच मरण पावला. या घटनेवरून झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली, जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असल्याचे सांगितले. १९९६ साली, रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या शेतमजुराला कलकत्त्याच्या सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठविल्याबद्दल न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. २०१६ साली मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती मोटारवाहन कायद्यात आली. जकात कायद्याने उठली. लोकांच्या मनातून ती अद्याप उठलेली नाही. शिवाय हे संरक्षण रस्त्यावरील अपघातापुरते आहे; कचेरीत वा बाजारात कोसळलेल्याला हात देणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा करून, आगाऊ पैसे न मागता तातडीचे उपचार देण्याचे बंधन घातले. डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. त्यांच्या सर्वच तक्रारी मान्य करण्याचे कारण नाही. परंतु खाजगी व्यावसायिकावर सार्वजनिक कर्तव्य लादताना त्याची भरपाई कोणी, केव्हा आणि किती द्यायची याची चोख व्यवस्था हवी, हा मुद्दा डावलता येत नाही. हक्क फुकट असतो. त्याची अंमलबजावणी फुकट नसते.

शाळेतील दोन तास

डेन्मार्कने २००५ साली शाळांत सीपीआरचे शिक्षण सक्तीचे केले. वाहन चालविण्याचा परवाना घेणाऱ्यांनाही पुढे ते लागू झाले. २००१ साली तेथे कोसळलेल्या रुग्णांपैकी २१ टक्क्यांना प्रत्यक्षदर्शींकडून सीपीआर मिळत असे. २०१० साली ४५ टक्क्यांना मिळाला. महिनाभर जगणाऱ्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेले. या काळात इतर सुधारणाही झाल्या, म्हणून सगळे श्रेय शाळेला देता येणार नाही. तरीही एवढ्या थोड्या खर्चात एवढा बदल सुचविणारी उदाहरणे सार्वजनिक धोरणात विरळाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पाठिंबा दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपासूनच्या मुलांना वर्षाला दोन तास हे शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे.

डेन्मार्क श्रीमंत आहे, असे कोणी म्हणेल. पण छातीवर दाब देण्यास श्रीमंती लागत नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने २०१७ साली निघालेल्या मार्गदर्शनात सामान्य माणसासाठी केवळ दाब देण्याची पद्धत सांगितली आहे. त्यामुळे अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोचही उरत नाही. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली जाईल असा दाब, इतके हे सोपे आहे. लहान मुले आणि बुडालेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत श्वास देणेही महत्त्वाचे असते, एवढा अपवाद ध्यानी घ्यावा. शिकविण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट आणखी वेगळीच आहे. हृदय बंद पडलेला माणूस पहिली काही मिनिटे अधूनमधून आचके देतो. ‘श्वास चालू आहे’ असे समजून भोवतालचे लोक तोंडावर पाणी मारीत बसतात आणि अमूल्य मिनिटे जातात. ही एक गैरसमजूत जरी शाळेने दूर केली तरी तिचा खर्च भरून निघाला असे समजावे.

एखाद्या शाळेने दरवर्षी २०० विद्यार्थ्यांना हे शिकविले तर दहा वर्षांत त्या गावात दोन हजार माणसे तयार होतील. यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. हवा आहे वेळापत्रकातला तास आणि शिकवू शकणारा शिक्षक. अर्थात निवडणुका, शिरगणती आणि सर्वेक्षणे यांच्या ओझ्याने आधीच वाकलेल्या शिक्षकावर हे आणखी एक बिनमोबदल्याचे काम म्हणून लादले गेले, तर तोही सप्ताहाचाच सोहळा होईल. त्याला रीतसर प्रशिक्षण, मोबदला आणि अन्य एखाद्या कामातून सुटका मिळाली पाहिजे.

आक्षेप आणि मर्यादा

रुग्णवाहिकाच वेळेवर येत नसेल तर दाब देत राहून उपयोग काय, असा एक रास्त आक्षेप आहे. दाब देणे म्हणजे उसनी घेतलेली मिनिटे; ती फेडायला विजेचा धक्का आणि रुग्णालय मागून यावेच लागते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांत २३३ प्रगत सुविधांच्या आणि ७०४ प्राथमिक सुविधांच्या होत्या. हा मोठाच टप्पा होता. परंतु अशा सेवेचे यश किती रुग्ण वाहून नेले या आकड्याने सांगण्याची प्रथा आहे. किती मिनिटांत पोचली, पोचेपर्यंत कोणी दाब देत होते काय, आणि महिन्याभराने रुग्ण जिवंत होता काय, हे तीन आकडे जिल्हावार प्रसिद्ध झाले पाहिजेत. या नोंदींची सर्वमान्य पद्धत नॉर्वेतील उटस्टाइन येथील बैठकीतून १९९१ सालीच जगापुढे आली आहे. शिवाय दूरध्वनी उचलणाऱ्या कर्मचाऱ्याने पत्ता लिहून घेताघेताच, समोरच्याला त्याच्या बोलीत दाब कसा द्यावा हे सांगितले पाहिजे. हे काम सिएटलच्या परिसरात १९८० च्या दशकापासून चालू आहे. त्यासाठी एकही नवी गाडी घ्यावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावर दहा मिनिटांत कोणतीही गाडी पोचणार नाही. हे मान्यच केले पाहिजे. म्हणूनच शहर आणि खेडे यांसाठी धोरण एकच असू शकत नाही. शहरात मिनिटांचे घड्याळ जिंकता येते. तेथे नागरिकाचे हात आणि स्थानके, नाट्यगृहे, कचेऱ्या येथील डीफिब्रिलेटर यांवर भर हवा. खेड्यात तासांचे घड्याळ जिंकता येते. बाळंतपणातला रक्तस्राव, सर्पदंश, विंचूदंश, जुलाब, जंतुसंसर्ग यांतून येणारा शॉक हा तेथला खरा मारेकरी. आणि त्याच्यावरचा उतारा म्हणजे रात्री उघडे असणारे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यातला हजर डॉक्टर आणि कपाटातली पुरेशी औषधे. शहरी माणसाला हृदयाचा सप्ताह आणि खेड्यातल्या बाईला रक्ताच्या पिशवीसाठी साठ मैलांचा प्रवास, ही विभागणी कोणत्याही न्यायात बसत नाही.

तिसरी गोष्ट मर्यादेची. उत्तमातल्या उत्तम व्यवस्थेतही रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुसंख्य वाचत नाहीत. चित्रपटात दिसते तसे दोन दाबांत डोळे उघडत नाहीत. लोकांना हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे; अन्यथा प्रयत्न करणाऱ्याच्या पदरी अपराधीपणा येईल आणि डॉक्टरांच्या वाट्याला दगड. दहांपैकी नऊ प्रयत्न विफल होतात, म्हणून दहावा सोडून द्यावा असे मात्र कोणी म्हणणार नाही. तो दहावा बहुधा पन्नाशीतला, घर चालविणारा माणूस असतो, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या कुटुंबाचा हिशेब कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात दिसत नाही.

सप्ताह दरवर्षी पाळले जातील. त्यांचे मोजमाप घेतलेल्या शपथांच्या संख्येवरून न करता, पुढच्या वर्षी किती शाळांच्या वेळापत्रकात ते दोन तास आले, किती आरोग्य केंद्रांच्या कपाटात ती औषधे होती आणि रुग्णवाहिका पोचली तेव्हा किती जणांच्या छातीवर कोणाचे तरी हात आधीच चालत होते, यावरून व्हावे. समाज म्हणून एकमेकांचे किती देणे लागतो, याचा हिशेब त्या पहिल्या दहा मिनिटांतच होत असतो.